घाटातली तार आणि घरातला राउटर

मुंबईहून पुण्याला जे काही यायचं ते मावळातून येतं. बैलांचे तांडे, टपाल, लष्कर, आगगाडी, टेलिफोन आणि आता काचेच्या तंतूतून धावणारं इंटरनेट, सगळ्यांनी बोरघाट चढला आणि इंद्रायणीच्या खोऱ्यातून पुढची वाट धरली. उलट दिशेनेही तसंच. मावळचा अर्वाचीन इतिहास बराचसा या वाटसरूंचाच इतिहास आहे. त्यात एक प्रश्न मात्र क्वचित विचारला जातो: जे वरून गेलं, त्यातलं खाली काय उतरलं आणि कधी? हा प्रश्न विचारायला आज सगळ्यांत जवळची वस्तू म्हणजे नाणे मावळ किंवा पवन मावळ या खोऱ्यांतल्या घरात भिंतीवर टांगलेला वायफायचा राउटर. तो नीट लावायचा आणि बंद पडला की दुरुस्त करायचा, या कामाला इथे जेमतेम वीस वर्षं झाली. त्यातल्या अडचणी मात्र पावणेदोनशे वर्षांच्या आहेत.

बोरघाटातला गाडीरस्ता 1830 मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात खुला झाला. पुढे पंचवीस वर्षांच्या आत तार आली. विल्यम ओ'शॉनेसी हा ईस्ट इंडिया कंपनीचा लष्करी डॉक्टर. त्याने 1839 मध्ये कोलकात्याजवळ विजेच्या तारेचे प्रयोग केले आणि पुढे गव्हर्नर जनरल डलहौसीच्या पाठिंब्याने देशभर तारा ओढल्या. आग्रा ते कोलकाता हा पहिला लांब पल्ल्याचा संदेश 24 मार्च 1854 रोजी गेला. मुंबईहून मद्रासकडे जाणारी तार पुण्यावरून गेली, म्हणजे घाट चढूनच गेली. फेब्रुवारी 1855 पासून सामान्य माणसालाही पैसे भरून तार पाठवता येऊ लागली. दर होता सोळा शब्दांना, चारशे मैलांपर्यंत, एक रुपया. हा रुपया त्या काळच्या मजुराच्या कित्येक दिवसांच्या कमाईइतका होता. खांब शेताच्या बांधावर आणि निरोप दुसऱ्यांचे, ही मावळची पहिली तार.

ओ'शॉनेसीचं एक शहाणपण आवर्जून सांगण्यासारखं आहे. इंग्लंडात वापरायची ती बारीक तार त्याने इथे टाळली आणि लोखंडाच्या जाड सळया वापरल्या. गिधाडं-घारी बसोत, माकडांच्या टोळ्या वरून जावोत, सळई तुटता कामा नये, असा त्याचा हिशेब होता. खंडाळ्याच्या लोकांना हे समजावून सांगावं लागत नाही. घाटातल्या रेल्वेच्या एका ठाण्याचं नावच मंकी हिल आहे. आज त्याच परिसरात घरोघरी जाणारी फायबरची केबल बोटाहून बारीक असते, तिच्या आतला काचेचा तंतू तर केसाएवढा. ती झाडाच्या फांदीवरून आणि पत्र्याच्या कडेवरून ओढलेली असते. घाटातल्या हवेचा आणि जनावरांचा विचार करून साहित्य निवडायचं, ही 1850 च्या दशकातली समज आजच्या जोडणीत पुष्कळदा दिसत नाही.

आगगाडी 1863 मध्ये घाट चढली. रुळांच्या कडेने तारही होती. गाडी कुठे आहे, लाइन मोकळी आहे का, हे एका स्टेशनाने दुसऱ्याला कळवायचं तर तारेशिवाय इलाज नव्हता, आणि एकास सदतीसचा चढ असलेल्या घाटात तर नव्हताच. पावसाळ्यात तार बोलेनाशी झाली की बिघाड शोधायची एक रीत होती. तारेच्या मधल्या ठाण्यावर लाइन तोडून पाहायचं: अलीकडची बाजू बोलते का? बोलत असेल तर खोट पलीकडे. मग पलीकडच्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग. असं करत करत तो एक खांब सापडायचा, जिथे इन्सुलेटर फुटलाय किंवा ओली फांदी टेकली आहे. लाइनमन सगळी वाट चालत बसायचा नाही, आधी विचार करायचा आणि मग चालायचा. ही रीत इथे लक्षात ठेवायची, कारण राउटरच्या दुरुस्तीत यापेक्षा उपयोगी असं दुसरं काही अजून निघालेलं नाही.

मग वीज. टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाची पायाभरणी 1911 मध्ये झाली. लोणावळा, वळवण आणि शिरवटा इथल्या तलावांत मावळचा पाऊस साठवला, तो सतराशे फुटांहून जास्त खाली खोपोलीला सोडला आणि 1915 पासून ती वीज मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. 1929 मध्ये कल्याण-पुणे मार्गावर विजेची गाडी धावली, पुढच्या जूनमध्ये दख्खनची राणी सुरू झाली. पाणी मावळचं, उजेड मुंबईचा. धरणाच्या कडेच्या वाड्यांमध्ये विजेचा दिवा लागायला त्यानंतर दशकं जावी लागली. पवना नदीचं पाणी पुढे पिंपरी-चिंचवडला गेलं. ते नेणाऱ्या बंद जलवाहिनीच्या विरोधात 9 ऑगस्ट 2011 रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बऊर इथे आंदोलन झालं, तेव्हा गोळीबारात तीन शेतकरी मारले गेले. मावळातून काहीतरी पुढे नेण्याच्या इतिहासाला ही बाजू आहे, आणि ती सोडून इंटरनेटची गोष्ट सांगणं अप्रामाणिक ठरेल.

बिनतारी संदेशही इथून फार लांब नव्हता. 23 जुलै 1927 रोजी भारत आणि इंग्लंड यांच्यातली बीम वायरलेस सेवा सुरू झाली. तिचं प्रक्षेपण केंद्र खडकीला, ग्रहण केंद्र दौंडला. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी तिचं उद्घाटन केलं. म्हणजे मावळच्या शेजारून शब्द हवेतून थेट इंग्लंडला जात होते, त्या वेळी अंदर मावळातल्या माणसाला तालुक्याच्या वडगावला निरोप द्यायचा तर चालत जावं लागे. पुढे 1933 चा भारतीय बिनतारी तारायंत्र कायदा आला. परवान्याशिवाय बिनतारी उपकरण नुसतं घरात बाळगणंही गुन्हा ठरला. रेडिओसुद्धा यातच मोडायचा. ज्यांच्या घरी साठ-सत्तरच्या दशकात रेडिओ होता, त्यांना पोस्टात वर्षाला फी भरून परवान्याच्या पुस्तकावर तिकीट लावून घेतल्याचं आठवत असेल. 1980 च्या दशकात हा परवाना गेला. रेडिओ तर फक्त ऐकायचा, स्वतः काहीच पाठवायचा नाही, तरी त्याला परवाना लागायचा. आजचा राउटर ऐकतोही आणि प्रक्षेपितही करतो. पन्नास वर्षांपूर्वी तो असा खिळ्याला टांगलेला सापडला असता तर पोलीस आले असते.

टेलिफोनच्या काळाबद्दल थोडक्यात. ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास वाट पाहणं, जास्त पैसे मोजून अर्जंट किंवा लाइटनिंग कॉल लावणं, हे लोणावळ्यालाही चुकलं नाही. सी-डॉट या सरकारी संस्थेने खेड्यांसाठी 128 लाइनींचं, वातानुकूलनाशिवाय चालणारं एक्स्चेंज बनवलं. असं पहिलं एक्स्चेंज 1986 मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला बसलं. तशा यंत्रांमुळे डायल फिरवून परगावी बोलणं खेड्यांपर्यंत पोचलं. पुण्याचा मान वेगळाच. देशातली पहिली ऑप्टिकल फायबर यंत्रणा 1979 मध्ये पुण्यात, दोन एक्स्चेंजांना जोडण्यासाठी बसली. 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेव्हा पहिल्या शहरांत मुंबईबरोबर पुण्याचंही नाव होतं. दोन्ही टोकं जोडली गेली होती. मधलं मावळ पुन्हा वाट पाहत राहिलं.

खरा बदल 2005 च्या जानेवारीत झाला, आणि एकाच महिन्यात दोन गोष्टी घडल्या. 14 जानेवारीला भारत संचार निगमने डेटावन ही ब्रॉडबँड सेवा सुरू केली. 28 जानेवारीला केंद्र सरकारने अधिसूचना काढून 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला. पहिल्यामुळे फोनच्या जुन्याच तांब्याच्या तारेतून घरात इंटरनेट आलं आणि दुसऱ्यामुळे ते घरातल्या घरात हवेतून फिरवणं कायदेशीर झालं. त्या वेळच्या धोरणात ब्रॉडबँड म्हणजे सेकंदाला किमान 256 किलोबिट. 2013 मध्ये ही मर्यादा 512 झाली आणि 2023 मध्ये दोन मेगाबिट. आज हे आकडे किरकोळ वाटतात, पण ज्या घराने तोवर आंतरजाल फक्त पुण्यातल्या सायबर कॅफेत पाहिलं होतं त्याच्यासाठी 256 हाही मोठा आकडा होता. त्या काळच्या एका लोकप्रिय योजनेत रात्री दोन ते सकाळी आठ वापर मोफत असायचा. मग पोरं दोनचा गजर लावून उठायची, डाउनलोड सुरू करायची आणि परत झोपायची.

या जोडणीने मावळात एक नवा धंदा जन्माला घातला. टेलिफोन खात्याचा लाइनमन होताच, त्याच्या जोडीला संगणक दुरुस्त करणारा, केबलवाला, इलेक्ट्रिकचं दुकान चालवणारा, असे जण मोडेम लावायला शिकले. शिकायचं काय, तर थोडंच, पण अचूक. मोडेमला वायर जोडून ब्राउझरमध्ये 192.168.1.1 टाकायचं. नाव अॅडमिन, पासवर्डही अॅडमिन. मग व्हीपीआयच्या चौकटीत 0 आणि व्हीसीआयच्या चौकटीत 35. त्याखाली पीपीपीओई निवडून ग्राहकाला मिळालेलं नाव आणि पासवर्ड भरायचा, जतन करायचं, मोडेम बंद करून चालू करायचा. 'झिरो-थर्टीफाइव्ह' हा आकडा त्या पिढीच्या तंत्रज्ञांना आजही झोपेतून उठवून विचारला तरी आठवतो. ग्राहक मात्र नेट गेलं की हमखास मोडेमच्या मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसायचे. रिसेट झाला की हे सगळं पुसलं जायचं आणि साधी अडचण मोठी होऊन बसायची. म्हणून फोनवर पहिला प्रश्न यायचा, "दादा, रिसेट तर दाबलं नाही ना?"

दुसरा प्रश्न फोनचा. "फोन उचलून बघा, खरखर येते का?" हा प्रश्न म्हणजे जुन्या तारवाल्याचीच रीत. बोलण्याचा आवाज त्याच तांब्याच्या जोडीवर चार किलोहर्ट्झच्या खाली चालतो आणि इंटरनेट त्याच्या बरंच वर, सुमारे अकराशे किलोहर्ट्झपर्यंत. दोघांना वेगळं ठेवणारी छोटी डबी म्हणजे स्प्लिटर. ती चुकीची लावली, किंवा घरातल्या दुसऱ्या फोनला लावायचीच राहिली, की फोन वाजला रे वाजला, नेट तुटायचं. आणि खरखर येत असेल तर मोडेमशी खेळण्यात अर्थ नाही, जॉइंटमध्ये पाणी गेलंय. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तळेगावकडे उतरता उतरता तो झपाट्याने कमी होतो. त्यामुळे एकाच तालुक्यात, एकाच प्रकारच्या तारेवर, लोणावळ्याचा माणूस जूनपासून ऑक्टोबरपर्यंत कावलेला असायचा आणि तळेगावचा त्या मानाने निवांत. एक्स्चेंजपासूनचं अंतर हे दुसरं दुखणं. तांब्यावरचा हा वेग चार-पाच किलोमीटरनंतर मान टाकतो, आणि मावळातल्या वाड्या एक्स्चेंजच्या जवळ कशा असतील?

पाऊस आणि वायफाय याबद्दल एक गैरसमज घट्ट बसला आहे, तो इथे मोडून काढायला हवा. "पाऊस आहे म्हणून वायफाय चालत नाही," असं लोणावळ्यात सर्रास ऐकू येतं. 2.4 किंवा 5 गिगाहर्ट्झच्या लहरींना पावसाच्या थेंबांनी जवळजवळ काहीच होत नाही. तसा फरक साधारण दहा गिगाहर्ट्झच्या वर, उपग्रहाच्या छत्रीवर जाणवतो. पाऊस मारतो तो वेगळ्या वाटेने. वीज जाते, विजेच्या कडकडाटात तारेतून झटका येऊन उपकरण जळतं, जॉइंट भिजतो. डोंगरावरच्या मनोऱ्याकडे तोंड करून बसवलेली छोटी डिश वाऱ्याने हलते, किंवा मध्ये उगवलेल्या झाडाची ओली पानं सिग्नल शोषून घेतात. म्हणून पावसात नेट गेलं की आधी ठरवायचं: फोनला वायफाय दिसतंय आणि इंटरनेट नाही, की वायफायच दिसत नाही? वायफाय दिसत असेल तर बिघाड बहुधा घराबाहेर. दिसत नसेल तर बहुधा घरात. लाइन मधोमध तोडून बघायची तीच रीत.

घरातल्या बिघाडाचं मोठं कारण मावळची घरंच आहेत. खंडाळा-लोणावळ्याचे जुने बंगले काळ्या दगडाचे, भिंती दीड-दोन फुटांच्या. मुंबईची धनिक मंडळी उन्हाळ्यात हवा खायला यायची, तेव्हा ते गारवा राखण्यासाठी बांधले गेले. दोन फूट दगडातून 2.4 गिगाहर्ट्झची लहर कशीबशी निघते आणि 5 गिगाहर्ट्झची तर बहुतेक निघतच नाही. दिवाणखान्यात वेग उत्तम, शेजारच्या खोलीत शून्य, असं त्यामुळे होतं. वाड्यांवरच्या घरांचं दुखणं वेगळं. तिथे भिंत विटांची असते पण छप्पर पत्र्याचं, आणि पत्रा लहरी परतवून लावतो. अंगणात बसून मोबाइल पाहणाऱ्याला राउटर दहा पावलांवर असूनही कधी कधी रेंज मिळत नाही, त्याला हेही एक कारण असतं. यावर उपाय महागडा राउटर नाही. राउटर कोपऱ्यातल्या कपाटातून काढून घराच्या मधोमध, माणसाच्या डोक्यापेक्षा उंच, फ्रिज आणि मोठ्या आरशापासून दूर ठेवणं आणि दगडी घरात खोलीखोलीत वायर नेऊन दुसरा राउटर बसवणं, हाच तो उपाय.

अशा परावर्तनावर मात करून वायफायला ज्या गणिताने खरा वेग दिला, ते खगोलशास्त्रातून आलं. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संस्थेत जॉन ओ'सुलिव्हन आणि त्यांचे सहकारी, अवकाशातून येणारे क्षीण रेडिओ संकेत गोंगाटातून वेगळे कसे काढावेत या विषयात मुरलेले होते. खोलीतल्या भिंतींवरून उसळून उशिरा पोचणारे प्रतिध्वनी निस्तरायची त्यांची पद्धत 1990 च्या दशकात पेटंट झाली आणि पुढे वायफायच्या मानकांत आली. पुणे जिल्ह्यात हे वाचताना खोडदची आठवण यावी. नारायणगावजवळच्या खोडदला 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण उभी आहे, आणि तिथे माणसाने केलेला रेडिओचा गोंगाट कमी आहे, हे ती जागा निवडण्याचं एक कारण होतं. एकाच जिल्ह्याच्या एका टोकाला लहरींची शांतता जपायची धडपड आहे आणि दुसऱ्या टोकाला, शनिवारच्या लोणावळ्यात, नेमका उलटा प्रकार.

शनिवारची गंमत अशी की बंगले रांगेने असतात, प्रत्येकाला आपला राउटर आणि प्रत्येकात पंधरा-वीस पाहुणे, प्रत्येकाच्या हातात फोन. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात भारतात तेरा चॅनेल वापरता येतात खरे, पण ते एकमेकांपासून फक्त पाच मेगाहर्ट्झवर आहेत आणि प्रत्येकाला वीसच्या आसपास रुंदी लागते. म्हणून एकमेकांवर न चढणारे चॅनेल उरतात तीनच: 1, 6 आणि 11. चार शेजाऱ्यांचे राउटर सहावरच असतील तर ते एकमेकांना बोलू देत नाहीत, सगळ्यांचाच वेग पडतो. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात चालतो. 5 गिगाहर्ट्झमध्ये जागा ऐसपैस आहे. ऑक्टोबर 2018 मध्ये सरकारने तिथला मोठा पट्टाही परवानामुक्त केला. म्हणून खोलीतल्या खोलीत 5 आणि भिंतीपलीकडे 2.4, अशी वाटणी बंगल्यांमध्ये शहाणपणाची ठरते.

दुसरा राउटर लावताना नेहमी होणारी एक चूक बंगल्याबंगल्यात सापडते. जुना राउटर असतो, तो वाया कशाला घालवायचा म्हणून पुढे जोडतात. दोघांचाही पत्ता 192.168.1.1. खासगी जाळ्यांसाठी असे पत्ते राखून ठेवायचं 1996 मध्येच ठरलं होतं, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक कंपनी त्याच आकड्यांत फिरते. दोन्ही यंत्रं फोनला पत्ते वाटू लागतात आणि पाहुण्याला कधी नेट मिळतं, कधी नाही. दुसऱ्याचा पत्ता 192.168.1.2 करायचा, त्याची डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायची सोय, बंद करायची आणि वायर त्याच्या लॅनच्या भोकात लावायची, वॅनच्या नाही. हे काम दहा मिनिटांचं आहे. ते माहीत नसल्यामुळे चांगली यंत्रं भंगारात गेली आहेत.

पासवर्डचा धडा महाराष्ट्राने फार जड किमतीला शिकला. 26 जुलै 2008 रोजी अहमदाबादच्या स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला. तो निघाला नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाच्या वायफायवरून. त्याचं जाळं उघडं होतं, कुणीतरी ते वापरलं होतं. ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या खालसा कॉलेजचं आणि सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या स्फोटांच्या वेळी चेंबूरच्या एका कंपनीचं वायफाय असंच वापरलं गेलं. जानेवारी 2009 मध्ये मुंबई पोलीस हातात यंत्रं घेऊन उघडी जाळी शोधत फिरले, आणि 23 फेब्रुवारीला दूरसंचार विभागाने सेवा कंपन्यांना सुरक्षित वायफायबद्दल आदेश काढले. त्या आधी वायफायला पासवर्ड म्हणजे शेजाऱ्याने फुकट वापरू नये म्हणून लावायची कडी होती. त्यानंतर ती मालकाची जबाबदारी झाली. ज्या गावात दर आठवड्याला अनोळखी माणसं बंगले भाड्याने घेतात, तिथे ही जबाबदारी सगळ्यांत जास्त. पाहुण्यांसाठी वेगळं 'गेस्ट' जाळं आणि ठरावीक दिवसांनी बदलणारा पासवर्ड, हे लोणावळ्यातल्या प्रत्येक भाड्याच्या बंगल्यात असायलाच हवं.

वायफायचा पासवर्ड बदलणारे लोक यंत्राचा पासवर्ड मात्र विसरले. जुलै 2017 च्या अखेरीस देशभर भारत संचार निगम आणि महानगर टेलिफोनच्या ग्राहकांचे हजारो मोडेम एकाएकी बंद पडले. ब्रिकरबॉट नावाचा प्रोग्रॅम जगभर उघडी यंत्रं शोधून निकामी करत होता, आणि 'अॅडमिन-अॅडमिन' हा मूळ पासवर्ड कुणी बदललेलाच नव्हता. भारत संचार निगमने ग्राहकांना तो बदलायचं आवाहन केलं. बारा वर्षं तंत्रज्ञ घरोघर तो पासवर्ड टाकून आत शिरत होते. बाहेर पडताना तो बदलायचा, ही सवय कुणालाच लावली गेली नव्हती.

तोवर तांबं मागे पडत होतं. रेल्वेने 2000 मध्ये रेलटेल ही कंपनी काढली आणि रुळांच्या कडेने फायबर टाकलं. दीडशे वर्षांपूर्वी तारेने धरलेली वाट तीच. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची केंद्राची योजना ऑक्टोबर 2011 मध्ये मंजूर झाली, पुढे तिचं नाव भारतनेट झालं. पण ग्रामपंचायतीच्या कचेरीपर्यंत आलेली केबल म्हणजे वाडीत आलेलं इंटरनेट नव्हे. मावळातली वस्ती विखुरलेली, ठाकर-कातकरींची घरं डोंगराच्या कुशीत. कचेरी ते वाडी हे शेवटचं अंतर कापलं ते बहुतेक ठिकाणी स्थानिक केबलवाल्याने, खांबाखांबावरून केबल ओढून. या माणसाचं मावळावर मोठं ऋण आहे आणि ते कुठल्याच अहवालात नोंदलं जात नाही.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि मुंबई-पुण्याची नोकरदार माणसं लॅपटॉप घेऊन मावळातल्या घरांत येऊन बसली. गावातल्या पोरांची शाळाही फोनवर आली. 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि घाट चढून मावळात घुसलं. विजेचे खांब पडले, घरांचे पत्रे उडाले, गुलाबाची पॉलिहाउस फाटली. केबल खांबांवरूनच गेलेली, तीही गेली. त्यानंतरच्या दिवसांत फायबर जोडायचं स्प्लायसिंगचं यंत्र ज्याच्याकडे आहे तो माणूस तालुक्यात सगळ्यांत जास्त शोधला गेला, असं म्हटलं तर अतिशयोक्ती नाही. नोव्हेंबरमध्ये केंद्राने घरून काम करण्यावरचे दूरसंचाराचे जुने निर्बंधही सैल केले, आणि मावळात घर घेऊन तिथूनच नोकरी करणं ही सोय राहिली नाही, ती रीत झाली.

फायबरच्या जोडणीत बिघाड शोधणं तांब्यापेक्षा सोपं आहे, कारण यंत्र स्वतः सांगतं. भिंतीवरच्या डबीवर 'लॉस' नावाचा दिवा असतो. तो लाल झाला की प्रकाश पोचत नाही, म्हणजे बिघाड बाहेरचा, राउटर बंद-चालू करून काही होणार नाही. तंत्रज्ञ आला की तो छोटं मीटर लावून 'पॉवर' पाहतो. उणे 20 असेल तर ठीक, उणे 27 च्या खाली गेलं तर जोडणी तुटायला टेकली. उणे 27 म्हणजे एका मिलिवॉटचा सुमारे पाचशेवा हिस्सा. एवढ्या प्रकाशावर घराचं काम चालतं, म्हणून केबल दाराच्या फटीत चेपली, खिळ्याला घट्ट गुंडाळली किंवा टोकाला धूळ बसली तरी ती मरते. दिवा हिरवा आहे आणि तरी नेट नाही, तर मग आत पाहायचं: नाव-पासवर्ड उडालाय का, बिल थकलंय का, चॅनेल गजबजलाय का.

हे सगळं ज्ञान मावळात आहे, पण ते मोजक्या तंत्रज्ञांच्या डोक्यात आणि त्यांच्या मोबाइलमध्ये. ग्राहकाच्या हातात पडतो तो राउटरच्या पोटाखालचा इंग्रजी स्टिकर आणि इंग्रजी पुस्तिका. मुंबई-पुण्याच्या मधोमध राहूनही मावळला प्रत्येक सोय उशिरा मिळाली. आता सोय दारात आलेली असताना ती फक्त भाषेमुळे अडू नये. महाराष्ट्रात राउटर देणाऱ्या प्रत्येक कंपनीने खोक्यात मराठीत छापलेलं एक पान घालावं, आणि ते अनिवार्य करावं. लाल दिवा म्हणजे काय आणि हिरवा म्हणजे काय, रिसेटचं भोक केव्हा दाबायचं नाही, अॅडमिनचा पासवर्ड पहिल्या दिवशी कसा बदलायचा, पाहुण्यांचं जाळं वेगळं कसं करायचं, दगडी घरात आणि पत्र्याच्या घरात राउटर कुठे ठेवायचा, ढग गडगडू लागले की कोणत्या दोन वायरी काढायच्या आणि तक्रार कुठल्या क्रमांकावर करायची, एवढं त्यावर मावतं.